बाबांच्या डोळ्याचं ऑपरेशन आणि माझं कॉलेज

सेंट पॉल, मिनेसोटा
१८ जानेवारी

तीर्थरूप बाबा आणि आई,
साष्टांग नमस्कार.

काल आईनं विचारलं, "मग तिकीट कधीचं काढतेस?" आणि मी चिऊ रडतेय म्हणून फोन ठेवला. चिऊ गाढ झोपली होती. तुमच्याशी खोटं बोलले ते रात्रभर टोचत राहिलं, म्हणून हे पत्र.

बाबा, ऑपरेशनला मी येत नाहीये. ठरवून झालंय. तुमच्या जावयांनी "जा, मी चिऊला सांभाळतो" असं दोनदा सांगितलं, तेव्हा त्यांच्यावर रागवू नका. सेमिस्टर गेल्याच आठवड्यात सुरू झालं. तीन आठवडे बुडवले तर सगळे विषय हातचे जातील, भरलेली फीसुद्धा. शिवाय व्हिसाचा शिक्का संपलाय. एकदा बाहेर पडले की मुंबईच्या वकिलातीत मुलाखतीची तारीख कधी मिळेल याचा भरवसा नाही. २०१९ च्या महापुरात तुम्ही दोघं गच्चीवर आणि मी इथे, फोनला चिकटलेली. तेव्हाही हीच कारणं दिली होती. ती खरी होती, आजचीही खरी आहेत. तरी सांगताना जीभ जड होतेच.

आणखी एक गोष्ट आहे. सीए फायनलचा फॉर्म मी आता भरणार नाही. दुसऱ्या ग्रुपनं चार वेळा परत पाठवलं. त्या प्रत्येक निकालाला तुम्ही मला काही न बोलता गणपतीला घेऊन जायचात आणि येताना भडंग घेऊन द्यायचात. बाबा, ते सगळं वाया गेलं असं मनात आणू नका. मी हिशेब सोडलेला नाही, दुसऱ्या दारानं आत शिरलेय.

आई म्हणाली की कॉलनीत कुणी विचारलं तर तुम्ही "ती सीपीए, म्हणजे तिकडची सीए, करतेय" असं सांगता. तुमची माया कळते मला. पण टेक्निकल कॉलेज म्हटलं की लोकांना आयटीआय वाटतं म्हणून तुम्हाला संकोच होत असेल, तर तो करू नका. हे दोन वर्षांचं सरकारी कॉलेज आहे. एका मजल्यावर वेल्डिंग शिकवतात, दुसऱ्यावर आम्ही पगारपत्रकं करतो. आपल्या तीन वर्षांच्या बी.कॉम.चे इथे साधारण ९० क्रेडिट धरले. सीपीएच्या परवान्यासाठी वर्षानुवर्षं १५० ची अट आहे, आता कुठे राज्यं दुसरे मार्ग काढू लागलीत. मधली भर विद्यापीठात घातली असती तर खर्च कितीतरी पटीनं वाढला असता. इथे संध्याकाळचे वर्ग आहेत, चिऊला जेवू घालून जाता येतं. आणि पुढं सीपीए झाले नाही तरी हिशेबनीस म्हणून काम मिळण्याइतकं हातात येईल. लग्नाला आठ वर्षं झाली, बाबा. त्यातली सात एच-फोरवर, म्हणजे नवऱ्याच्या नोकरीमुळे मिळणाऱ्या व्हिसावर, कामाची परवानगी नसताना गेली. ती गेल्या वर्षी आली. माझ्या नावावर माझी कमाई जमा व्हावी असं मला फार वाटतं. हे तुम्हाला नाही तर कुणाला सांगू?

वर्गात माझ्याहून मोठ्या बायका आहेत. शेजारी बसणारी सोमालियाची आहे, चार मुलांची आई. एक इथिओपियाचे काका तिकडे बँकेत होते, इथे रात्री गोदामात काम करून येतात. नेपाळचा एक पोरगा स्टुडंट व्हिसावर आहे. आठवड्याला वीस तास कॉलेजच्या वाचनालयात काम, आणि पदवीनंतर सरावासाठी एकच वर्ष हातात. अकाउंटिंगवाल्यांना विज्ञान-तंत्रज्ञानवाल्यांसारखी मुदतवाढ नाही. तो मला दीदी म्हणतो, त्याच्यासाठी कधीकधी डब्यात जास्तीची पोळी नेते.

आता तुम्हाला आवडेल ते सांगते. इथल्या नियमात शेवटी आलेला माल आधी गेला असं धरून हिशेब करता येतो! आपल्याकडे ते चालत नाही. सरांनी विचारलं तेव्हा मी मार्केट यार्डातलं हळदीचं गोदाम सांगितलं. जुनं पोतं आधी काढायचं, नाहीतर कीड लागते. सगळा वर्ग ऐकत होता. मी मात्र तिथे नव्हतेच, तुमच्या मांडीवर बसून तुमच्या पिवळ्या बोटांखालची खतावणी बघत होते. "घेणारा नावे, देणारा जमा, म्हण ठके."

डिसेंबरात मी व्हिटाची परीक्षा पास झाले. कमी उत्पन्नाच्या लोकांची रिटर्नं फुकट भरून द्यायची ही सरकारी योजना आहे. त्यामुळे आता दर शनिवारी १५ एप्रिलपर्यंत मी बांधलेली आहे. तुमचा ३१ मार्च तसा माझा १५ एप्रिल. तेव्हा तुम्ही दुकानातच झोपायचात आणि आई डबा पाठवायची, तक्रार न करता. आई, तेवढंच आता माझ्यासाठी कर.

माझी काळजी करू नका. बाहेर उणे वीस असलं तरी घर उबदार आहे, मेतकूट अजून अर्धी बरणी आहे, गुडघ्यापर्यंतचे बूट घेतलेत.

आता ऐका. बाबा, ऑपरेशनच्या आधी साखर तपासायचीच. "बरं वाटतंय" हा रिपोर्ट नाही. मिरजेला स्कूटरवरून जायचं नाही, दादा गाडी घेऊन येणार आहे. नंतर डोळा चोळायचा नाही, डोळ्यात पाणी जाऊ द्यायचं नाही, डॉक्टर सांगतील तोवर वाकून काही उचलायचं नाही. दोन वेगवेगळे थेंब असले तर मध्ये पाच मिनिटं जाऊ द्यायची. आई, तू वेळा कागदावर मोठ्या अक्षरात लिहून फ्रीजवर लाव. पाठवलेले पैसे लेन्ससाठी आहेत, एफडीत टाकलेत तर मी बोलणार नाही. खरंच नाही बोलणार. नाही, बोलेन, पण रडेन.

तुमचे सकाळचे दहा म्हणजे माझे आदल्या रात्रीचे साडेदहा. बाबांना आत नेल्यापासून बाहेर आणेपर्यंत मी फोनवर असेन. आई, बोलायचं नसलं तरी चालेल, नुसता चालू ठेव.

तुमची,
ठकी

ता. क. : पुरातून वाचलेल्या लाल वहीतलं तेरजेचं (ट्रायल बॅलन्सचं) एक पान दादाला फोटो काढून पाठवायला सांगा. सरांना बाबांचं अक्षर दाखवायचंय.