आईच्या ‘तीन इसा’ आणि माझ्या वर्गातले गुरुजी

सोलापूर
रविवार, रात्री

ती. आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

फोनवर तुम्ही विचारता, ‘शिक्षण कसं चाललंय?’ आणि मी ‘बरं चाललंय’ म्हणून विषय संपवते. आज सविस्तर लिहिते. बाबा, आईला मोठ्यानं वाचून दाखवा. शेवटचं तिच्यासाठी आहे.

मुक्त विद्यापीठाच्या एम.ए. शिक्षणशास्त्राच्या वर्गात आम्ही २२ जण आहोत. त्यातले १७ शिक्षक, कुणी जिल्हा परिषदेचे, कुणी महापालिकेचे. आठवडाभर शाळा, पोषण आहाराच्या नोंदी, ऑनलाइन माहिती भरणं, मतदार याद्या हे सगळं करून रविवारी सकाळी एसटीनं येतात आणि पहिल्या बाकावर बसतात.

बाबा, बारावीनंतर तुम्ही बार्शीहून डी.एड.चा फॉर्म आणून माझ्या पुस्तकात ठेवला होता. ‘मला पोरं हाकत बसायचं नाही,’ असं मी म्हणाले होते. तुम्ही फॉर्म उचलून ट्रंकेत ठेवलात, एक शब्द बोलला नाहीत. ते वाक्य हल्ली मला फार टोचतं.

माझं काम गणिताच्या कार्यपत्रिका तयार करायचं, त्यामुळे मुलं कशी शिकतात हे मला कळतं अशी माझी समजूत होती. पहिल्याच महिन्यात वर्गात संख्यावाचनावर चर्चा निघाली. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘एकवीस’सोबत ‘वीस एक’, ‘बासष्ट’सोबत ‘साठ दोन’ असं आलं होतं. विषय विधानसभेपर्यंत गेला होता, आठवतंय ना? मी तावातावानं बोलले, ही मराठीची मोडतोड आहे म्हणून.

अक्कलकोट तालुक्यातले एक गुरुजी शांतपणे उठले. फळ्यावर त्यांनी २१ लिहिलं. म्हणाले, “मॅडम, माझ्या शाळेतली निम्मी पोरं घरी कन्नड बोलतात. कन्नडमध्ये हे ‘इप्पत्तोंदु’. आधी वीस, मग एक. लिहितानाही आधी दोन, मग एक. तेच पोरगं माझ्या तोंडून ‘एकवीस’ ऐकतं. कानावर आधी ‘एक’ पडतो, म्हणून आधी १ लिहितं, मग २. झाले बारा. त्यानं ऐकलं तसंच लिहिलं की.”

मागून पूर्व भागातल्या महापालिका शाळेच्या बाई म्हणाल्या, “आमच्या तेलुगू पोरांचंही तेच. ‘इरवै ओकटि’.”

मग दोघं कितीतरी वेळ सांगत होते. आधी मुलाला घरच्या भाषेत म्हणू द्यायचं, काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे त्याच्याच हातानं बांधून घ्यायचे, मग ‘वीस एक’, आणि मग ‘एकवीस’. ‘एकवीस’ सोडायचं नाही, बाजारात तेच लागतं. मी वही काढून लिहून घेत होते. आमच्या कार्यपत्रिका तपासताना ‘अंकांची अदलाबदल’ असा एक रकाना असतो, मुलाची चूक म्हणून. मूल घरी कोणती भाषा बोलतं, हे विचारणारा रकाना मी कधी ठेवलाच नव्हता. आता ठेवलाय.

त्याच गुरुजींनी सांगितलेलं आणखी एक. नोकरीच्या पहिल्या आठवड्यात ते पहिलीतल्या एका मुलाला म्हणाले, “ऊठ.” मुलगा उठला आणि ताटली काढायला दप्तराकडे गेला. कन्नडमध्ये ‘ऊट’ म्हणजे जेवण. त्या दिवसापासून त्यांनी एक वही केली, रोज पाच कन्नड शब्द. तेरा वर्षं झाली, वही अजून चालू आहे.

पूर्व भागातल्या बाईंची गोष्ट वेगळी. त्यांच्या वर्गातल्या बऱ्याच मुलींच्या आया विड्या वळतात, आणि पानं कापायला मुली हाताशी लागतात. मुलगी दोन दिवस आली नाही की बाई संध्याकाळी घरी जातात. रागवत नाहीत. आई मांडीवर सूप घेऊन बसलेली असते, तिच्या शेजारी बसून मुलीकडून धडा मोठ्यानं वाचून घेतात. आईचे हात चालू, कान धड्याकडे. आता काही आया स्वतःच म्हणतात, वाच गं, पुढं काय झालं?

बाबा, परितेवाडीच्या डिसले गुरुजींना २०२० साली ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं, तेव्हा तुम्ही कात्रण जपून ठेवलंत. बक्षिसाची निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या बाकी नऊ जणांना वाटली, हे फोनवर मला दोनदा सांगितलंत. मला तेव्हा वाटलं होतं, असा माणूस एखादाच. इथे दर रविवारी जेवणाच्या सुट्टीत डब्यांबरोबर शैक्षणिक साहित्यही फिरतं. कुणी तक्ते देतं, कुणी वहीची झेरॉक्स. माझं माझं कुणी करत नाही.

आता आई, तुझ्यासाठी. तू गोवऱ्या मोजायचीस, ‘तीन इसा आणि दोन’. मी चौथीत होते. ‘आई, बासष्ट म्हण, गावंढळ बोलू नको,’ असं मी तुला पाहुण्यांसमोर बोलले. त्यानंतर तू माझ्यासमोर मोजलंच नाहीस. मी हे वर्गात सांगितलं. गुरुजी म्हणाले, “अहो, विसाविसानं मोजणं ही पक्की रीत आहे. बघा, तुमच्या आईसुद्धा मोठा गठ्ठा आधी म्हणतात.” मला चक्क रडू आलं.

पुढच्या शनिवारी मी येतेय. त्यांनी विचारायला सांगितलंय की एकोणसाठला तू काय म्हणायचीस? ‘तीन इसाला एक कमी’ असं मला अंधुक आठवतं, पण तुझ्या तोंडून ऐकायचंय. गोवऱ्या रचायच्या ठेव. मिळून मोजू.

तुमची,
ताई