आपल्या काळ्या खडीवर लेसर चालवून पाहा

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

कोथरूड, कर्वेनगरात जुन्या सोसायट्या पाडून नव्या उभ्या राहत आहेत आणि ब्रेकरच्या धडधडीने शेजारचे लोक मेटाकुटीला आले आहेत. मी २२ वर्षे कोअर कटिंगचा, म्हणजे काँक्रीटला मशीनने गोल भोकं पाडण्याचा, धंदा करतो. गेल्या आठवड्यात स्लॅबला भोक पाडताना धूळ दाबणारं पाणी संपलं, आमच्या पोराने मशीन तसंच चालू ठेवलं. खाली उतरला तेव्हा त्याच्या पापण्या पांढऱ्या झाल्या होत्या. ती धूळ छातीतही गेलीच.

म्हणून लेसरबद्दल लिहितो. भोसरी-चाकणला लेसरने पत्रा कापणं रोजचंच आहे. काँक्रीटवर झोत मारला की आतल्या पाण्याची वाफ होऊन कपचे उडतात, आणखी तापवलं की माल वितळतो. हत्यार टेकतच नाही, त्यामुळे हादरा नाही. मात्र धूर ओढून घ्यावा लागतो, डोळे जपावे लागतात. वितळलेला माल खाचेत गोठू नये म्हणून हवेने फुंकावा लागतो. जाड स्लॅबला आज हिऱ्याची करवतच स्वस्त पडते, हेही खरं.

अमेरिकेत १९९०च्या दशकाच्या अखेरीस तेलविहिरी खोदण्यासाठी लष्करी लेसर खडकावर चालवून पाहिले. पण ते खडक बहुतेक वाळूचे, चुन्याचे. ग्रॅनाइट, वाळूखडक यांत क्वार्ट्झ, म्हणजे गारेचं खनिज, असतो. ५७३ अंश सेल्सिअसला तो एकदम फुगतो आणि दगड तडकतो. आपला कातळ बेसाल्ट, त्यात क्वार्ट्झ नावालाच. तो फुटण्याऐवजी वितळून काळी काच होण्याकडे झुकतो. आपल्या काँक्रीटमधली खडीही त्याचीच. तिकडचे आकडे इथे कसे लावणार?

कार्बन डायऑक्साइड लेसर १९६४ मध्ये शोधणारे कुमार पटेल जन्माने बारामतीचे, १९५८ मध्ये पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून पदवी घेतलेले. त्याच महाविद्यालयाने (आता ते विद्यापीठ आहे), नाहीतर शहरातल्या दुसऱ्या एखाद्या संस्थेने, आपल्या बेसाल्टवर आणि काँक्रीटवर लेसरची चाचणी हाती घ्यावी, अशी माझी कळकळीची विनंती आहे. एक सेंटिमीटर खोल जायला वीज किती लागते आणि धुरात काय निघतं, एवढं कळलं तरी आम्हा कटिंगवाल्यांना पुष्कळ झालं.

जुन्या इमारतींतून काढलेले कोअर, म्हणजे भोकातून निघालेले काँक्रीटचे गोल तुकडे, माझ्या गोडाऊनमध्ये पडून आहेत. प्रत्येकावर मजला आणि साल खडूने लिहिलेलं आहे. कुणाला हवे असतील तर मी स्वखर्चाने पोहोचवीन.

आपला,
एक कोअर कटिंग व्यावसायिक, कर्वेनगर, पुणे