‘वॉटरप्रूफ’ म्हणजे नेमके किती पाणी?

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

गीझर, हेअर ड्रायर, मोबाइलचा चार्जर यांच्या बाबतीत पाण्याजवळ कोणती काळजी घ्यावी, हे वृत्तपत्रे वेळोवेळी छापतात आणि ते वाचून माणसे सावधही होतात. मात्र त्याच रांगेत बसणारे, बॅटरीवर चालणारे, बाथरूममध्ये सर्रास नेले जाणारे आणि शरीराच्या सर्वांत नाजूक भागाला लागणारे एक उपकरण त्या सूचनांमध्ये मला कधी आढळलेले नाही. प्रौढांनी खाजगीत वापरायची लैंगिक खेळणी, म्हणजे व्हायब्रेटर आणि तत्सम वस्तू, यांविषयी हे पत्र आहे. विषय संकोचाचा आहे याची मला जाणीव आहे. पण संकोचामुळे माणूस दुकानात विचारत नाही, डॉक्टरांना सांगत नाही आणि बिघाड झाला तर तसेच वापरत राहतो, हे मी कामाच्या निमित्ताने पाहिले आहे, म्हणूनच लिहीत आहे.

मी गेली वीस वर्षे लहान विद्युत उपकरणे दुरुस्त करतो. काही काळापूर्वी एक बाई रुमालात गुंडाळलेली वस्तू घेऊन आल्या आणि ‘चेहऱ्याच्या मसाजचे यंत्र आहे, चार्ज करताना फार तापते,’ एवढेच बोलल्या. ते काय आहे हे मी ओळखले, पण त्यांना अवघडल्यासारखे होऊ नये म्हणून काही न विचारता ते त्यांच्यासमोरच उघडले. बाहेरचे सिलिकॉनचे आवरण उलटे करून सोलल्यावर आतले प्लास्टिकचे कवच दिसले. चार्जिंगच्या भोकावर रबराचे बूच होते आणि त्या बुचाच्या कडेखाली एक केस अडकलेला होता. त्या केसाएवढ्या फटीतून पाणी आत गेले होते. धातूच्या टोकांवर हिरवट-पांढरा थर चढला होता आणि जी बॅटरी चपटी असायला हवी, ती उशीसारखी फुगली होती. टबमधून बाहेर आल्यावर टॉवेलने पुसून त्या ते रोज रात्री उशाशी चार्जिंगला लावत असत. खोक्यावर तर ‘१०० टक्के वॉटरप्रूफ’ असे लिहिले होते, असे त्यांनी मला दोनदा सांगितले, आणि त्यात त्यांची काहीच चूक नव्हती.

‘वॉटरप्रूफ’ हा शब्द वाचून किती पाणी, किती खोल, किती वेळ, यांपैकी काहीच कळत नाही. ते कळते ते ‘आयपी’ या खुणेवरून. आयईसी ६०५२९ या आंतरराष्ट्रीय मानकात ही खूण कशी द्यायची हे ठरवलेले आहे. ‘आयपीएक्स ४’ असे लिहिले असेल, तर ती वस्तू उडणारे शिंतोडे सोसू शकते. ओल्या हातांनी धरायला हरकत नाही, पण टबात बुडवायची नाही. ‘आयपीएक्स ७’ म्हणजे एक मीटर खोलीपर्यंत अर्धा तास बुडाली तरी अपाय होण्याइतके पाणी आत जाणार नाही. ‘आयपीएक्स ८’ म्हणजे त्याहून कठोर परिस्थितीत, सतत पाण्याखाली राहू शकेल, मात्र किती खोलीवर आणि किती वेळ हे उत्पादकाने स्वतंत्रपणे सांगायचे असते. ते सांगितलेले नसेल तर त्या आकड्यावर फार विसंबू नये. यातली ‘एक्स’ ही खूण म्हणजे शून्य नव्हे. धुळीसाठीची श्रेणी दिलेली नाही, इतकाच तिचा अर्थ. आणखी एक गोष्ट बहुतेकांना ठाऊक नसते. बुडवण्याच्या चाचणीत उतरलेली वस्तू जोराच्या धारेच्या चाचणीतही उतरली आहे, असे गृहीत धरता येत नाही. त्या दोन वेगळ्या चाचण्या आहेत. म्हणून टबात व्यवस्थित चालणारी वस्तू शॉवरच्या जोरदार धारेखाली किंवा नळाखाली धरली, की तिच्यात पाणी शिरू शकते.

शिवाय ही चाचणी साध्या, स्वच्छ पाण्यात आणि नव्या कोऱ्या वस्तूवर होते. पाण्याचे आणि वस्तूचे तापमान यांत ५ अंशांपेक्षा जास्त फरक नसावा, अशी अटच त्या मानकात आहे. आंघोळीत यातले काहीच पाळले जात नाही. साबणामुळे पाण्याचा पृष्ठताण कमी होतो आणि साधे पाणी जिथे अडते त्या बारीक फटीतून साबणाचे पाणी आत सरकते. त्याहून घातक प्रकार तापमानाचा आहे. मोटर बराच वेळ चालली किंवा वस्तू कढत पाण्यात राहिली, की आतली हवा तापून पसरते. तशीच ती लगेच गार पाण्याखाली धुतली, तर ती हवा आकसते आणि आत ओढ निर्माण होऊन सीलच्या कडेने पाणी शोषले जाते. वापरानंतर वस्तू बंद करून तिचा ताप उतरेपर्यंत काही मिनिटे बाजूला ठेवावी आणि मग कोमट पाण्याने धुवावी, एवढे केले तरी हा धोका बराच कमी होतो. क्लोरिनचे पाणी, समुद्राचे खारे पाणी आणि आंघोळीची तेले यांनी रबराची कडी हळूहळू कडक होतात किंवा फुगतात, आणि मिठाने धातूची टोके लवकर खराब होतात. ज्या वस्तूंत सुटे सेल घालायचे असतात, त्यांच्या झाकणाच्या आट्यांमध्ये एक गोल रबरी कडे असते. पाण्यात नेण्याआधी ते जागेवर आहे ना, त्यावर केस किंवा धागा नाही ना, हे बोट फिरवून पाहावे.

चार्जिंगबाबत मात्र मी आग्रहाने सांगेन. ओलसर धातूच्या टोकांमधून वीज गेली, की ती टोके नुसत्या ओलेपणापेक्षा कितीतरी वेगाने गंजतात, आणि पाणी बॅटरीपर्यंत पोहोचले तर शॉर्टसर्किट होऊन लिथियम बॅटरी तापू शकते, फुगू शकते, पेट घेऊ शकते. चुंबकाने चिकटणाऱ्या चार्जरला भोक नसते म्हणून तो सुरक्षित, असा समज आहे. पण त्याची टोके उघडीच असतात, त्यामुळे तीही कोरडी करावीच लागतात. पुसून झाल्यावर काही तास हवेशीर जागी ठेवून मगच, बाथरूमच्या बाहेर, कठीण पृष्ठभागावर, आपण जागे असताना चार्ज करावे. अंथरुणावर किंवा उशाशी नाही. बॅटरी फुगलेली दिसली, आवरण एका बाजूला वर आलेले वाटले, जळका वास आला किंवा वस्तू न वापरताही गरम लागली, तर ती पुन्हा चार्जिंगला लावू नये, टोचू नये आणि घरच्या कचऱ्यातही टाकू नये. ई-कचरा स्वीकारणाऱ्या ठिकाणी द्यावी. थेट प्लगवर चालणारी, वायर असलेली मसाजची यंत्रे तर टबात, शॉवरखाली किंवा ओल्या हातांनी कधीही वापरू नयेत. त्यात तडजोडीला जागा नाही.

आता शरीराविषयी. मी डॉक्टर नाही. पण हे उपकरण ज्याच्यासाठी आहे ते शरीरच जपले गेले नाही, तर बाकी सारे सांगून काय उपयोग? पाण्यात सगळे ओले असते, त्यामुळे वेगळ्या वंगणाची गरज नाही, असे पुष्कळांना वाटते. प्रत्यक्षात उलट घडते. पाणी हे वंगण नव्हे. ते योनीतला नैसर्गिक ओलावा धुऊन नेते, त्वचा ओढली जाते, बारीक चिरा पडतात आणि त्या चिरांतून संसर्गाला वाट मिळते. पाण्यात विरघळणारी वंगणे पाण्यात अर्थातच टिकत नाहीत. सिलिकॉनचे वंगण टिकते, परंतु ते सिलिकॉनच्याच खेळण्यावर लावले तर काही वेळा त्याचा पृष्ठभाग चिकट आणि खडबडीत होतो. त्यामुळे पाण्यात ते वापरायचे असेल तर काचेचे, स्टेनलेस स्टीलचे किंवा कठीण प्लास्टिकचे खेळणे निवडावे. तेलाने आणि व्हॅसलिनसारख्या पदार्थांनी लेटेक्सचा कंडोम कमकुवत होतो, हे तर कोरड्यातही लागू आहे. कंडोम पाण्याखाली किती टिकतो याची हमी त्याच्या पाकिटावर नसते. वापरायचाच असेल तर पाण्यात उतरण्याआधी, कोरड्या स्थितीत चढवावा आणि तो सरकला तर नाही ना, याकडे लक्ष ठेवावे.

साबण आणि शाम्पू बाहेरच ठेवावेत. योनीतले वातावरण मुळातच आम्ल असते, त्याचा पीएच साधारण ३.८ ते ४.५ असतो, आणि साबणाने किंवा सुगंधी द्रव्यांनी तो बिघडला की खाज, स्राव आणि संसर्ग मागे लागतात. शॉवरच्या नळीची धार आत सोडू नये. गर्भवती स्त्रीच्या बाबतीत तर जोराने आत गेलेले पाणी किंवा हवा जिवावर बेतू शकते. गुदमार्गात वापरलेली वस्तू न धुता योनीकडे नेऊ नये. भोवती पाणी आहे म्हणजे ती आपोआप स्वच्छ झाली, हा समज चुकीचा आहे; उलट त्याच पाण्यात जंतू पसरतात. दोघांत एकच वस्तू वापरायची असेल, तर मध्ये ती नीट धुवावी किंवा तिच्यावरचा कंडोम बदलावा.

धुण्याची पद्धत वस्तूच्या पदार्थावर ठरते. काच, स्टील आणि शुद्ध सिलिकॉन यांना सूक्ष्म छिद्रे नसतात, म्हणून ती कोमट पाणी आणि सौम्य, बिनवासाच्या साबणाने स्वच्छ होतात. ज्यात मोटर किंवा बॅटरी नाही असे सिलिकॉनचे खेळणे उकळताही येते. जेलीसारखे मऊ रबर आणि तत्सम स्वस्त पदार्थ सच्छिद्र असतात. त्यांच्यात पाणी मुरून राहते, बंद पिशवीत ठेवली की बुरशी धरते, आणि ती कितीही धुतली तरी पूर्ण निर्जंतुक होत नाहीत. काळे ठिपके दिसले, चिकटपणा आला किंवा वास येऊ लागला, तर ती टाकून द्यावी. माझ्या मते पाण्यात नेण्यासाठी अशा वस्तू विकतच घेऊ नयेत.

बाथरूममधल्या पडण्याविषयी वेगळे सांगायला नको, पण सिलिकॉनचे वंगण टबाच्या तळावर सांडले, की तिथे पाय ठरत नाही, आणि ते नुसत्या पाण्याने निघत नाही. फरशीला किंवा भिंतीला चिकटणाऱ्या रबरी वाटीवर कोणीही अंगाचा भार टाकू नये. ओल्या भिंतीवरून ती अचानक सुटते. तोल सावरण्यासाठी भिंतीत पक्का बसवलेला दांडाच हवा. गरम पाण्याच्या टबात ४० अंश सेल्सिअस ही वरची मर्यादा मानली जाते. त्या उष्णतेने रक्तवाहिन्या पसरतात, पटकन उठले की रक्तदाब उतरून भोवळ येते, आणि त्यात मद्याची भर पडली तर माणूस पाण्यातच शुद्ध हरपतो. पाण्यात हात-पाय बांधणे आणि श्वास रोखून धरणे या गोष्टी कोणाच्याही संमतीने सुरक्षित होत नाहीत. सार्वजनिक तलावात तर हे काही करूच नये. तिथले पाणी आणि ती जागा इतरांचीही असते.

एक गोष्ट पाण्यापुरतीच नाही, तरी ती राहून जाऊ नये असे वाटते. गुदमार्गात वापरायच्या वस्तूचे बूड रुंद, पसरट असलेच पाहिजे, कारण तिथले स्नायू वस्तू आत ओढून घेतात, आणि ओल्या, बुळबुळीत हातातून ती निसटायला क्षणही लागत नाही. तसे झालेच, तर चिमट्याने किंवा अन्य साधनाने काढण्याची खटपट न करता आणि उद्यावर न ढकलता रुग्णालयात जावे. तातडीच्या विभागातले डॉक्टर असे प्रसंग हाताळतात. त्यांना खरे कारण आणि वस्तूचा आकार सांगितला, तर उपचार लवकर होतात. वेदना, ताप किंवा रक्तस्राव असेल तर एक तासही थांबू नये.

संपादक महोदय, २०२१ मध्ये या वस्तूंच्या रचनेसाठी आणि सुरक्षिततेसाठी आयएसओ ३५३३ हे आंतरराष्ट्रीय मानक प्रसिद्ध झाले आहे. म्हणजे यांचा विचार इतर उपकरणांइतक्याच गांभीर्याने करावा, हे जगातल्या मानक संस्थांनी मान्य केले आहे. आपल्या आरोग्य पुरवणीत एखाद्या स्त्रीरोगतज्ज्ञाकडून आणि एखाद्या विद्युत अभियंत्याकडून याविषयी स्वच्छ मराठीत लिहून घ्यावे, अशी माझी विनंती आहे. ज्या बाईंची वस्तू मी उघडली, त्यांना मी ती परत दिली नाही. बॅटरी वेगळी करून ई-कचऱ्यात पाठवली आणि नवीन घेताना खोक्यावर ‘आयपीएक्स’च्या पुढे कोणता आकडा आहे तेवढा पाहा, असे सांगितले. जाताना त्यांनी तो आकडा कुठे छापलेला असतो हे विचारून घेतले आणि एका चिठ्ठीवर लिहून नेले.

आपला,
एक नियमित वाचक