‘वरून पैसे आले की देऊ’ हे कलम कायद्यानेच रद्द व्हावे

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

बांधकाम क्षेत्रातील थकीत देयकांची चर्चा होते ती बहुधा सरकारी खाती आणि मोठे कंत्राटदार यांच्यापुरतीच. त्यांच्या हाताखाली काम करणाऱ्या उपकंत्राटदारांच्या करारपत्रात मात्र एक कलम सर्रास आढळते: मालकाकडून मुख्य कंत्राटदाराला रक्कम मिळाल्यानंतरच उपकंत्राटदाराचे देयक अदा केले जाईल. काम हवे असेल तर सही करा, एवढाच पर्याय समोर असल्याने बहुतेक जण सही करतात.

या कलमाचा अर्थ व्यवहारात काय होतो, हे पाहण्यासाठी गच्चीचे वॉटरप्रूफिंग करणाऱ्याचे उदाहरण घेऊ. पाणी साठवून गळतीची चाचणी झाली, साइट इंजिनिअरने मोजमापावर सही केली आणि आर. ए. बिल (झालेल्या कामापुरते टप्प्याटप्प्याने द्यायचे बिल) सादर झाले. दरम्यान दर्शनी भागाच्या काचकामावरून मालक आणि मुख्य कंत्राटदार यांच्यात वाद झाला व मालकाने सगळेच बिल रोखून धरले. ज्या काचेला या माणसाचा हातही लागलेला नाही, तिच्यापायी त्याचे पैसे अडकतात. मालकाशी त्याचा करार नसल्याने तिकडे थेट दाद मागता येत नाही आणि मालकाने कोणत्या कामापोटी किती रक्कम सोडली, हेही त्याला कोणी सांगत नाही. मजुरांची मजुरी आणि मालाची उधारी मात्र थांबत नाही. वस्तू व सेवा करही पैसे हाती पडण्याची वाट न पाहता, बिल दिले की भरावा लागतो.

अनामत रकमेची, म्हणजे प्रत्येक बिलातून हमी म्हणून राखून ठेवल्या जाणाऱ्या रकमेची, तऱ्हा याहून वाईट आहे. पायलिंगवाला, म्हणजे पायाचे खांब जमिनीत घालणारा, साइटवर सर्वांत आधी येतो आणि सर्वांत आधी जातो. पण त्याची राखून ठेवलेली रक्कम संपूर्ण इमारतीच्या पूर्णत्वाशी आणि त्यानंतरच्या दोष-दायित्व कालावधीशी (कामातले दोष स्वखर्चाने दुरुस्त करून देण्याच्या मुदतीशी) जोडलेली असेल, तर शेवटचा रंगाचा हात फिरेपर्यंत त्याने थांबायचे!

भारतीय करार कायदा, 1872 यातील कलम 32 नुसार भविष्यातील अनिश्चित घटनेवर अवलंबून असलेला करार ती घटना घडेपर्यंत अमलात आणता येत नाही, आणि मुख्य कंत्राटदाराचा वकील नेमके हेच कलम पुढे करतो. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायदा, 2006 मध्ये 45 दिवसांची कमाल मुदत आणि विलंब झाल्यास बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज अशी भक्कम तरतूद आहे. परंतु ‘वर्क्स कॉन्ट्रॅक्ट’ (माल आणि मजुरी एकत्र असलेले बांधकामासारखे कंत्राट) या कायद्याच्या कक्षेत येत नाही, असा निर्वाळा मुंबई उच्च न्यायालयाने दिलेला असल्याने ज्यांना या संरक्षणाची सर्वाधिक गरज आहे तेच बाहेर राहतात. उरतो लवाद. तिथे दोन्ही बाजूंची निवेदने पूर्ण झाल्यावर निवाड्यासाठी 12 महिने, आणि उभय पक्षांच्या संमतीने आणखी सहा. छोट्या उपकंत्राटदाराचे खेळते भांडवल इतके दिवस तग धरत नाही.

ब्रिटनने 1996 च्या बांधकामविषयक कायद्यात ‘वरून पैसे आले की देऊ’ हे करारातील कलम निष्प्रभ ठरवले. अपवाद एकच, वरचा देणेकरी दिवाळखोर झाला तर. त्याच कायद्याने वाद सोपवल्यापासून साधारण 28 दिवसांत तात्पुरता पण बंधनकारक निर्णय मिळण्याची सोय केली आणि पैसे न मिळाल्यास सात दिवसांची नोटीस देऊन काम थांबवण्याचा हक्कही दिला. ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्सने 1999 मध्ये व सिंगापूरने 2004 मध्ये याच धर्तीवर कायदे केले. आधी पैसे द्या, मग लवादात किंवा न्यायालयात हवे तितके भांडा, हे या कायद्यांचे सूत्र आहे आणि मला ते पूर्णपणे न्याय्य वाटते.

मुख्य कंत्राटदाराचीही अनेकदा खरोखरच कोंडी झालेली असते, हे मान्य केले पाहिजे. तरीही मालकाशी करार त्याचा असतो, दर ठरवताना ही जोखीम तो धरू शकतो आणि मालकाला जाबही तोच विचारू शकतो. ज्याच्या हाती यातले काहीच नाही, त्याच्या माथी ती जोखीम मारणे योग्य नव्हे. तसेच देयकाचे हे संरक्षण मालकापासून शेवटच्या उपकंत्राटदारापर्यंत साखळीतील प्रत्येकाला असावे, म्हणजे मुख्य कंत्राटदारावरही अन्याय होणार नाही. केंद्र सरकारने असा स्वतंत्र कायदा करावा, आणि तोवर निदान 2006 च्या कायद्यात दुरुस्ती करून बांधकामाची कंत्राटे त्यात स्पष्ट शब्दांत आणावीत.

तोपर्यंत करारावर सही करणाऱ्यांना एक विनंती. हे कलम काढून टाकायला समोरचा तयार नसेल, तर त्यापुढे ‘किंवा देयक सादर केल्यापासून 60 दिवसांत, यापैकी जे आधी घडेल तेव्हा’ एवढे शब्द घालून घ्यावेत, आणि अनामत रक्कम परत मिळण्याची मुदत इमारतीच्या नव्हे, तर स्वतःच्या कामाच्या पूर्णत्वापासून मोजली जाईल, असे लिहून घ्यावे.

आपला विश्वासू,
एक उपकंत्राटदार