नियम पाळून खेळणाऱ्यांना जुगाऱ्यांच्या रांगेत बसवू नये

मा. संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्यात माझ्या औषधांच्या दुकानात शेजारच्या आळीतल्या एक ताई नववीतल्या मुलाची वही घेऊन आल्या. वहीत ओळीने नावे होती, प्रत्येक नावापुढे एक आकडा होता आणि निम्म्याहून अधिक ओळींवर लाल शाईने काट मारलेली होती. मुलगा मोबाइलवर गेम खेळतो हे त्यांना ठाऊक होते. गेमपायी कर्जबाजारी झालेल्या तरुणांच्या बातम्या त्या रोज वाचत होत्या, त्यामुळे १४, १९, २३ हे आकडे त्यांना हजारांतले वाटले आणि काट मारलेल्या ओळी म्हणजे हरलेली रक्कम असावी, असा त्यांनी समज करून घेतला. मला हे खेळ थोडेफार कळतात, म्हणून त्या विचारायला आल्या होत्या. मी वही पाहिली. 'ठकी, रूट १०२, लेव्हल १४' अशी त्यातली एक ओळ होती. मुलगा पोकेमॉन खेळत होता, आणि तोही एका कठोर नियमाने: प्रत्येक प्रदेशात समोर येणारा पहिलाच प्राणी पकडायचा, त्याला नाव द्यायचे आणि लढाईत तो एकदा जरी बेशुद्ध पडला, तरी तो मेला असे समजून त्याला पुन्हा कधीही खेळवायचे नाही. मूळ खेळात बेशुद्ध प्राणी दवाखान्यात नेला की क्षणात बरा होतो. हा मुलगा ती फुकटची सोय नाकारत होता. काट मारलेली नावे त्याने गमावलेल्या सोबत्यांची होती आणि आकडे त्यांच्या ताकदीच्या पातळीचे, म्हणजे लेव्हलचे होते.

हा नियम त्या मुलाने शोधलेला नाही. २०१० साली एका अमेरिकन चित्रकाराने पोकेमॉनचा एक भाग असा खेळून आपला प्रवास चित्रकथेच्या रूपाने प्रसिद्ध केला, आणि तेव्हापासून 'नझलॉक' या नावाने ही पद्धत जगभर पाळली जाते. खेळ बनवणाऱ्यांनी न घातलेले बंधन खेळणाऱ्याने स्वतःवर घालून घ्यायचे आणि ते शेवटपर्यंत पाळायचे, अशा खेळण्याची एक मोठी परंपरा आहे. मराठी वृत्तपत्रांत तिच्याविषयी काही लिहून आलेले मी वाचलेले नाही, म्हणून हे पत्र.

आधी स्पष्ट करतो, की ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने संमत केलेल्या ऑनलाइन गेमिंगविषयीच्या कायद्याचे मी मनापासून स्वागत केले. मोबाइलवरच्या रमीत पगार घालवणाऱ्यांच्या घरची औषधांची उधारी माझ्या खातेवहीत आहे, आणि अशा घरातल्या वृद्धांना रक्तदाबाच्या गोळ्या अर्ध्या करून घेताना मी पाहिले आहे. मात्र त्या कायद्याने पैसे लावून खेळायचे खेळ, ई-स्पोर्ट्स म्हणजे कौशल्याच्या ऑनलाइन स्पर्धा, आणि निव्वळ करमणुकीचे सामाजिक खेळ असा भेद केलेला आहे, व बंदी फक्त पहिल्या प्रकारावर आहे. आपल्या बातम्यांच्या मथळ्यांत मात्र तिन्हींसाठी 'गेम' हा एकच शब्द येतो, आणि त्या एका शब्दामुळे नियमनिष्ठ मुलाची वही जुगाराचा हिशेब ठरते.

अशा खेळण्यात नेमके काय घडते, हे मी स्वतःच्या अनुभवावरून सांगू शकतो. जपानच्या स्क्वेअर कंपनीने डिसेंबर १९९२ मध्ये 'फायनल फँटसी' मालिकेचा पाचवा भाग काढला. त्याची नवी आवृत्ती २०२१ पासून मोबाइलवरही मिळते. वारा, पाणी, अग्नी आणि पृथ्वी या चार तत्त्वांचे स्फटिक एकामागून एक भंगतात आणि प्रत्येकाच्या तुकड्यांतून खेळातल्या चार प्रवाशांना नवनवे पेशे मिळतात. खेळाडू त्यांना 'जॉब' म्हणतात. कोणत्याही प्रवाशाला कोणताही जॉब केव्हाही देता येतो, एकाची विद्या दुसऱ्याला जोडता येते, आणि या मोकळिकीमुळेच हा खेळ नावाजला गेला. २००९ पासून दर उन्हाळ्यात काही खेळाडू ही मोकळीक सोडून देतात. प्रत्येक स्फटिकातून चिठ्ठीने एकच जॉब निघतो आणि त्या चारांवर संपूर्ण खेळ पार करायचा असतो. 'फोर जॉब फिएस्टा' या नावाचा हा उपक्रम रुग्णालयांतल्या मुलांसाठी खेळणी आणि खेळ पुरवणाऱ्या एका धर्मादाय संस्थेसाठी निधीही जमवतो. आडवाटेला सापडणारा नकलाकाराचा जॉब सोडला, तर वाऱ्याचे ६, पाण्याचे ५, अग्नीचे ५ आणि पृथ्वीचे ४ असे जॉब आहेत. म्हणजे ६०० वेगवेगळ्या चौकड्या होतात, आणि त्यांतली प्रत्येक चौकडी तोच जुना खेळ नव्याने सोडवायला लावते.

माझ्या चिठ्ठ्या पुण्यात शिकणाऱ्या माझ्या मुलीने फोनवरून काढल्या. पहिली निघाली व्हाइट मेज, म्हणजे जखमा भरणारा मांत्रिक. दुसरा स्फटिक भंगेपर्यंत चारही प्रवाशांना तोच जॉब ठेवावा लागतो. चौघेही वैद्य, लढवय्या एकही नाही, अशी फौज घेऊन मी जहाजांच्या स्मशानात पोहोचलो. तिथली सायरन ही मायाविनी दर थोड्या वेळाने जिवंत रूपातून प्रेतरूपात जाते. आमचे घाव तिला ओरखड्यासारखे लागत होते. तीनदा हरल्यावर माझ्या लक्षात आले, की या खेळात प्रेतयोनीतल्या शत्रूवर उपचाराचा मंत्र टाकला तर त्याला इजा होते. मग ती प्रेतरूपात येण्याची वाट पाहायची आणि चौघांनी मिळून तिला 'बरे' करायचे, हा मार्ग सापडला. बंधन नसते तर मी एखाद्या शूर सरदाराला पुढे करून ती लढाई दोन मिनिटांत संपवली असती आणि त्या मंत्राचा हा गुण मला कधीही कळला नसता.

दुसरी चिठ्ठी बर्सर्करची निघाली. हा बेभान योद्धा आज्ञा ऐकत नाही. समोर जे दिसेल त्यावर तो आपल्या मर्जीने कुऱ्हाड चालवतो. वाळवंटातल्या सँडवर्म नावाच्या अजस्र किड्यापुढे हा स्वभाव फार महाग पडतो. तिथे वाळूत तीन बिळे असतात, किडा त्यांपैकी एकातून डोके काढतो, आणि रिकाम्या बिळावर वार झाला तर उलट आपल्यावरच जीवनशक्ती ओरबाडून नेणारा मंत्र आदळतो. माझा बर्सर्कर पुन्हा पुन्हा रिकाम्या बिळावरच घाव घालत होता. त्या रात्री दुकान बंद करून मी साडेअकरापर्यंत हरत राहिलो आणि शेवटी नियम मोडला: बर्सर्करचा जॉब काढून त्याला दुसरा दिला, किडा मारला आणि झोपलो. पाहणारे कोणी नव्हते. मुलीने विचारले असते, तर तिलाही खरे-खोटे कळण्याचा मार्ग नव्हता. तरीही सकाळी दुकानाचे शटर उघडताना ती लढाई मनातून जाईना. दुपारी मी खेळाच्या आदल्या दिवशी सेव्ह केलेल्या नोंदीवर परत गेलो, बर्सर्करला त्याचा जॉब दिला आणि पुन्हा त्या बिळांपुढे उभा राहिलो. बर्सर्करला थांबवता येत नाही हे एकदा मान्य केल्यावर उरलेल्या तिघांचे काम निराळे होते: त्याच्या प्रत्येक चुकीची किंमत आधीच धरून चालायचे आणि उपचाराचा मंत्र घाव बसण्यापूर्वीच सज्ज ठेवायचा. किडा मेला तेव्हा घरात सगळे झोपले होते आणि मला कोणाला तरी उठवून सांगावेसे वाटले.

तिसरी चिठ्ठी बार्डची, म्हणजे शाहिराची. चौथी निघाली ती केमिस्टची, आणि फोनवर मुलगी बराच वेळ हसत राहिली. या जॉबचा माणूस दिसायला दुबळा असतो. परंतु त्याच्या हातची साधी औषधेही दुप्पट लागू पडतात, आणि दोन वस्तूंच्या मिश्रणातून तो अशी द्रव्ये तयार करतो, जी सोबत्याची ताकद त्या लढाईपुरती कितीतरी पट वाढवतात. कोणत्या दोन वस्तूंतून काय बनते हे खेळ आपणहून फारसे सांगत नाही. मी औषधांच्या मागवणीची एक जुनी वही त्या नोंदींसाठी वापरली. शेवटच्या लढाईत शत्रू एकाच मंत्राने चौघांना चार वेगवेगळ्या व्याधी जडवतो. तिथे वैद्याने व्याधी उतरवायच्या, शाहिराने गाऊन बळ वाढवत न्यायचे, केमिस्टने मिश्रणे द्यायची आणि बेभान योद्ध्याने घाव घालायचे, अशी वाटणी झाली. ज्या योद्ध्याला मी एका रात्री काढून टाकले होते, त्याच्यावर माझा एवढा विश्वास बसला होता, की आता कोणी बदलण्याची मुभा दिली असती तरी मी ती घेतली नसती.

हे एकट्या माझे वेड नाही. 'नेटहॅक' या १९८७ पासून चालत आलेल्या खेळात खेळाडू पूर्ण शाकाहारी राहिला का, त्याने कोणाला ठार न मारता वाट काढली का, एक अक्षरही न वाचता तो पुढे गेला का, याची नोंद खेळच ठेवतो. २०२२ च्या 'एल्डन रिंग'मध्ये आपल्या पात्राची ताकद न वाढवता पहिल्याच लेव्हलवर राहून शेवट गाठणारे खेळाडू आहेत. आणि आपल्याकडे या वृत्तीचे सर्वांत मोठे उदाहरण बारामतीत होऊन गेले. मोरोपंतांनी परोपरीची रामायणे रचली, त्यांत निरोष्ठ रामायण आहे: प, फ, ब, भ, म ही ओठांनी उच्चारायची व्यंजने टाळून लिहिलेले. 'राम' या नावातच ओष्ठ्य अक्षर असताना ते टाळून रामाची कथा सांगायची, हे बंधन पंतांवर कोणी लादले नव्हते. त्या बंधनामुळे त्यांना भाषेचे जे कानेकोपरे धुंडाळावे लागले असतील, ते मोकळेपणी लिहिताना कशाला दिसले असते? कवीची थोरवी आणि मोबाइलवरचा खेळ यांची बरोबरी करण्याचा माझा हेतू नाही. स्वतःहून घातलेल्या कुंपणाने नजर तीक्ष्ण होते, ही गोष्ट मात्र दोन्हीकडे एकच आहे.

पैशांच्या खेळात याच्या नेमके उलट घडते. तिथे नियम कंपनीचे असतात आणि माणसाने उठू नये यासाठीच ते बेतलेले असतात. पैसे न लावता खेळायच्या अनेक मोबाइल गेममध्येही अडचण मुद्दाम निर्माण करून तिच्यातून सुटका विकली जाते. 'फायनल फँटसी'च्या कन्सोल या खेळांच्या खास यंत्रांसाठीच्या २०२३ च्या आवृत्त्यांत तर पात्रांची ताकद वाढवणारे अनुभवाचे गुण चौपट मिळवण्याची सोय जास्तीचे पैसे न घेता दिलेली आहे, आणि ज्याला वेळ कमी आहे त्याने ती जरूर वापरावी. परंतु ती सोय समोर असताना एखादा मुलगा तिला हात लावत नसेल, आणि त्याला पाहणारे, बक्षीस देणारे कोणीही नसेल, तर त्याच्या अंगी काहीतरी जोपासण्यासारखे आहे असे मी मानतो. वेळेची मर्यादा त्यालाही हवी, डोळ्यांची काळजी हवी, याबद्दल वाद नाही. मी स्वतः रात्री तासाभराच्या पुढे खेळायचे नाही असे ठरवले आहे, आणि सँडवर्मच्या रात्री तोही नियम मोडला होता.

म्हणून आपणास दोन विनंत्या आहेत. जिथे पैसे लावले गेले असतील, त्या बातमीच्या मथळ्यात 'पैशांचा ऑनलाइन खेळ' असे स्पष्ट छापावे आणि नुसता 'गेम' हा शब्द टाळावा. दुसरे, आपल्या पुरवणीत पालकांसाठी जे मार्गदर्शन येते, त्यात 'किती वेळ खेळतोस' या प्रश्नाच्या जोडीने 'कोणत्या नियमाने खेळतोस' हा प्रश्नही सुचवावा. त्या ताईंनी दुकानाच्या पायरीवर बसून मुलाला तो विचारला, तेव्हा त्याने वही उघडून ठकी कुठे भेटली, कोणत्या लढाईत गेली आणि त्या वेळी त्याची काय चूक झाली, हे पाऊण तास सांगितले. त्या ऐकत राहिल्या, आणि जाताना त्यांनी वही स्वतःच्या पिशवीत न ठेवता त्याच्या हातात दिली.

आपला विश्वासू,
एक औषधविक्रेता व नियमित वाचक, सातारा