पाया पाच फूट खाली आहे

पीटरबरोच्या उत्तरेला, ऑन्टारियो
१४ सप्टेंबर

ती. बाबा आणि ती. सौ. आईस,
सा. न. वि. वि.

मी अगदी मजेत आहे. नोकरी, जेवणखाण नेहमीसारखंच. मी इथे बांधतेय त्या जंगलातल्या खोलीचा विषय निघाला की आईचा आवाज बदलतो, म्हणून हे सविस्तर पत्र.

आई, शेजारी माणूस हजर असल्याशिवाय मी चेनसॉ, म्हणजे साखळीची यंत्रकरवत, हातात घेत नाही. आणि झाड पाडायची रीत पक्की ठरलेली असते. आधी वर बघायचं. सुटून अडकलेली वाळकी फांदी दिसली तर त्या झाडाला हात लावायचा नाही. जिकडे पाडायचं तिकडे व्यासाच्या पाव हिश्श्याची खाच, मग मागून काप. तोही आरपार नाही, मध्ये व्यासाच्या दहाव्या हिश्श्याएवढं लाकूड राखायचं. तीच बिजागरी झाडाला दिशा देते. ती कापली गेली की झाड कुठेही कोसळतं. कलायला लागलं की आधीच मोकळ्या केलेल्या वाटेनं तिरकं मागे व्हायचं. दुसऱ्या झाडात अडकलेल्या झाडाखाली कुणीही जात नाही, ते विंचनं, म्हणजे तार गुंडाळणाऱ्या यंत्रानं, ओढतात. पायांवर चॅप्स, म्हणजे जाड संरक्षक आवरणं, असतात, त्यांच्या तंतूंत साखळी अडकून थांबते. आता तरी काळजी सोड.

बाबा, तुम्ही पायाचं विचारलंत. माळव्याची काळी माती पाण्यानं फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि भिंतींना तडे जातात. इथली माती गोठून फुगते. खालचं पाणी वर ओढलं जातं, मातीत बर्फाचे थर साचतात आणि अख्खा खांब उचलला जातो. इलाज दोन्हीकडे एकच, हलणाऱ्या थराच्या खाली जायचं. म्हणून नऊ खड्डे पाच-पाच फुटांचे. तळाशी रुंद पायथा, आपल्याकडच्या अंडर-रीम्ड पाइलला असतो तसा, आणि वर पुठ्ठ्याचं १० इंची नळकांडं. पुठ्ठ्यामुळे काँक्रीट गुळगुळीत निघतं, गोठलेल्या मातीला पकडायला खडबडीत काही मिळत नाही. पायथा सोडून, फूटभर जमिनीवर धरून एका खांबाला ३० किलोच्या साधारण सात गोण्या लागतात. खांबांच्या जागचे बुंधे मुळासकट काढलेत, कारण पुरलेला बुंधा कुजला की खाली पोकळी होते.

खोली १२ बाय १६ फूट, म्हणजे कर्ण बरोबर २० फूट. दोन्ही कर्ण वीस भरले की काटकोन साधला. भिंतीतले उभे वासे १६ इंचांवर, म्हणजे चार फुटी प्लायवूडची कड नेमकी वाशावर येते. आतल्या, उबेच्या बाजूला प्लॅस्टिकचा कागद. तो बाहेरून लावला तर घरातली वाफ भिंतीतच थिजते आणि लाकूड कुजतं.

इथलं एक वागणं मात्र तुम्हांला चमत्कारिक वाटेल. जळण कुणी परगावाहून आणत नाही. गाडीत चार ओंडके घेऊन पाहुणा आला तर यजमान तोंडावर नको म्हणतो, आणि पाहुण्यालाही राग येत नाही! कारण एक हिरवा किडा, एमराल्ड अ‍ॅश बोरर. मूळ आशियातला. २००२ मध्ये तो डेट्रॉइट आणि विंडसरकडे सापडला. त्याच्या अळ्या अ‍ॅश नावाच्या झाडाच्या सालीखाली नागमोडी बोगदे पोखरतात, रस वाहायचा थांबतो आणि झाड उभ्याउभ्या वाळतं. किडा बाहेर पडतो ते भोक इंग्रजी ‘डी’च्या आकाराचं, तीन-चार मिलिमीटर. स्वतः तो फार लांब जात नाही, माणसंच त्याला जळणातून नेतात. म्हणून जिथलं लाकूड तिथेच जाळायचं. आपल्याकडे वखारीत मोळी कुठून आली हे कोण विचारतं? मला हा नियम मनापासून पटतो.

अस्वलांचं म्हणाल तर खायचं काहीही तिथे ठेवत नाही.

आता पैशांचं. बर्फ पडायच्या आत छताचे पत्रे चढायलाच हवेत, म्हणून या महिन्यात कमी पाठवले. मीनूच्या मॅरेज गार्डनचा बयाणा अडवू नका, पंधरा दिवसांत पोचते करते. रजा कमी मिळाली. सीमांतपूजनाच्या सकाळीच इंदूरला पोचेन. रुखवताला मी नसणार, तेव्हा त्याचा सगळा खर्च माझ्याकडे. मीनूला हे आईनंच सांगावं, माझ्याकडून नीट सांगणं होणार नाही.

मामांनी सुचवलेलं स्थळ यंदा नको. धाकटीचं आधी झालं म्हणून लोक तुम्हांलाच विचारणार, हे कळतं मला. लग्नात मी स्वतः उत्तर देईन, तुम्ही गप्प राहा. आणि बाबा, मोतीबिंदूचं ऑपरेशन लग्नाआधी उरकून घ्या. ते पैसे वेगळे ठेवलेत, पत्र्यांत गेलेले नाहीत.

तुमची,
ताई
(मीनूमुळे तुम्हीही हेच म्हणता)