विमानाला सेन्सर लावणारे हात नाशिकमध्येच तयार व्हावेत

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

ऑक्टोबर २०२५ मध्ये आपल्या ओझरच्या एचएएल कारखान्यात बनलेल्या तेजस मार्क-१ए या लढाऊ विमानानं पहिलं उड्डाण केलं तेव्हा आमच्या गल्लीत पेढे वाटले, आनंद मलाही झालाच, पण तेव्हापासून एक गोष्ट डोक्यात घोळतेय म्हणून लिहितोय. विमान बनतं एकदा, सांभाळावं लागतं वर्षानुवर्षं, आणि त्या कामाबद्दल कोणी बोलतच नाही.

मी विमानाच्या सांगाड्याच्या तपासणीत आयुष्य काढलं. तडा शोधायचा म्हणजे पार्ट स्वच्छ करायचा, लाल डाय लावायचा, थोड्या वेळानं पुसून घ्यायचा आणि वर पांढरा डेव्हलपर फवारायचा. तडा असला की त्या पांढऱ्यावर केसासारखी लाल रेघ हळूहळू उमटते. पहिल्यांदा बघितली तेव्हा पोटात गोळा आला, कारण बोट फिरवून तिथे काहीच लागत नव्हतं. पण मुळात त्या जागेपर्यंत पोचायलाच पॅनल खोला, वायरी बाजूला करा, यात दोन-दोन दिवस जायचे आणि खरी तपासणी तासाभराची.

सेन्सर कायमचाच आत बसवला तर ही खोलाखोल वाचते. एका प्रकारात केसाएवढी काचेची फायबर पंखात बसवतात, तिच्यात जागोजागी बारीक खुणा कोरलेल्या असतात, धातू ताणला की खुणेवरून परत येणाऱ्या प्रकाशाची वेव्हलेंग्थ किंचित सरकते, त्यावरून ताण कळतो. दुसऱ्यात पिझोच्या चकत्या, म्हणजे वीज दिली की थरथरणाऱ्या आणि थरथरल्या की वीज देणाऱ्या, एक पत्र्यात कंपन सोडते, दुसरी ऐकते. माठ घेताना आपण टिचकी मारून बघतो ना, खणखणीत की बद्द, तसंच. कॉम्पोझिटला, म्हणजे थरावर थर चिकटवून बनवलेल्या भागांना, तर हे हवंच, साधा पाना पडला तरी वर काही दिसत नाही आणि आतले थर सुटलेले असतात.

२८ एप्रिल १९८८ ला अमेरिकेच्या हवाई बेटांवर अलोहा एअरलाइन्सच्या बोईंग ७३७ चं छप्पर २४ हजार फुटांवर उडालं, एक हवाई सुंदरी गेली. त्या विमानाची ८९ हजारांवर उड्डाणं झाली होती आणि रिव्हेटच्या ओळीतले छोटे छोटे तडे एकमेकांना जाऊन मिळाले होते. चढताना एका प्रवासी बाईला दाराजवळ चीर दिसली होती, ती बोलली नाही. हे आठवलं की आजही अस्वस्थ होतं. कल्पना चावला गेली त्या कोलंबिया या अंतराळयानाच्या (शटलच्या) पंखावरही उड्डाणाच्या वेळीच फोमचा तुकडा आदळला होता, त्यानंतर नासानं बाकीच्या शटलच्या प्रत्येक पंखात धक्का टिपणारे ६६ सेन्सर बसवले. आपल्याकडेही बंगळुरूच्या एनएएल या सरकारी विमान-संशोधन संस्थेनं निशांत या ड्रोनवर फायबर सेन्सर लावून काम केलंय.

पण सेन्सर लावला की झालं असं नाही हो. पत्रा नीट घासून पुसला नाही, गोंदाखाली हवा राहिली तर आकडे खोटे येतात. फायबरच्या आकड्यावर ताणाबरोबर तापमानाचाही परिणाम होतो, म्हणजे आपल्या निफाडला जानेवारीत पारा ५ अंशांवर येतो आणि मे महिन्यात चाळिशीला टेकतो, तो फरक वजा करता आला नाही तर विमान धडधाकट असूनही आकडा सरकलेला दिसेल, किंवा उलटं, आणि उलटं झालं तर काय होईल ते वर लिहिलंच आहे. हे काम पुस्तक वाचून येत नाही, हाताला वळण लागतं.

म्हणून आयटीआय आणि पॉलिटेक्निकवाल्यांना कळकळीची विनंती, सहा महिन्यांचा का होईना एक कोर्स काढा, त्यात पोरापोरींना सेन्सर चिकटवायला, वायरिंग करायला आणि आकडे वाचायला शिकवा. कारखाना आपल्या दाराशी आहे, पोरं हुशार आहेत, मग या कामासाठी बाहेरून माणसं का आणायची?

शिकवायला मी येईन, पैसे नकोत. मुद्दाम तडे पाडलेल्या ॲल्युमिनियमच्या सात-आठ पट्ट्या सरावासाठी घरी जपून ठेवल्यात, त्या सोबत आणीन.

आपला,
एक निवृत्त तपासनीस, नाशिकरोड